फॉर्मवर नसलेला दादा

माझा स्वभाव चिडका आहे. गणित शिकवणाऱ्या बाईचा असावा तेवढा, आणि वर थोडा घराण्याचा. माझ्या वर्गाबाहेरून जाताना शिपाईसुद्धा चपला हातात घेतो, असं मुली म्हणायच्या. त्यामुळे पोलिसांनी माझ्या भावाला कॉलरला धरून सात मजले खाली उतरवला, त्याचा ओठ फोडला, हे ज्यांना ज्यांना नंतर कळलं, त्यांनी गृहीतच धरलं की मी पोलीस स्टेशनात जाऊन आकांडतांडव केलं असणार. केलं होतं. पण पाच-सात मिनिटंच. नंतर मला तोंड उघडायला जागा राहिली नाही. ती का राहिली नाही, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होता. एकोणतिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आम्हा कुणाला न ऐकू येणारे. डॉक्टरांनी सांगितलेला स्किझोफ्रेनिया हा शब्द आईला शेवटपर्यंत जमला नाही, ती नुसतं 'त्याचं ते' म्हणायची. आई-बाबा गेल्यावर 'त्याचं ते' माझ्याकडे आलं. माझं लग्न त्याच्यामुळे राहिलं, असं सगळे नातेवाईक समजतात. खरं म्हणजे मला कुणी पसंत पडला नाही, पण दादाच्या नावावर तेही खपून गेलं. मीही कधी खुलासा केला नाही.

गोळ्या वेळेवर असल्या की दादा कुणाच्याही घरात असावा असा माणूस होता. रोज दाढी करायचा, शब्दकोडं पेनाने सोडवायचा, आणि गवार अशी निवडायचा की एक शीर सापडणार नाही. मी शाळेतून आले की चारच्या सुमाराला चहा. त्यात साखर मात्र त्याच्या मर्जीची. गर्दी आणि मोठा आवाज एवढं त्याला सोसायचं नाही. आवाज चढला की त्याच्या डोक्यातले आवाजही चढायचे, आणि मग तो दोन्ही हात वर उचलून कान झाकायचा आणि ओरडायला लागायचा.

ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही ठाऊक. दादा जिन्यात एकटाच हातवारे करताना दिसला की तळमजल्यावरचे काका चष्मा उशीखाली सरकवून म्हणायचे, "अरे, माझा चष्मा कुठे गेलाय बघ. ये, जरा पेपर वाचून दाखव." अग्रलेख संपेपर्यंत दादा शांत झालेला असायचा. दोनदा तो घरातून निघून गेला, आणि दोन्ही वेळा चौकीतल्या एकाच हवालदारांनी त्याला आणून सोडला. दुसऱ्यांदा तर स्कूटरवर मागे बसवून. "ताई, तुमचे बंधू रुळांकडे तोंड करून बसलेले. म्हटलं, चला, चहा मारू," असं म्हणाले आणि निघून गेले. त्यांना या आजाराचं कुणी ट्रेनिंग दिलं असेल असं मला वाटत नाही. हा माणूस कुणाचा कोण, एवढं त्यांना माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस दादा घरात पोलिसांची तारीफ करायचा.

मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षांनी मोठी घरं मिळणार म्हणून सगळे खुशीत. कोणी बदलापूरला गेलं, कोणी दिव्याला, काका घोडबंदर रोडला मुलाच्या विसाव्या मजल्यावर. मी कल्याण-डोंबिवलीत भाड्याची जागा शोधायला लागले. पहिल्या दोन मालकांना मी सरळ सांगितलं, भाऊ बरोबर असेल, तो आजारी असतो, पण औषधं चालू आहेत. एक म्हणाला कळवतो. दुसऱ्याच्या बायकोने माझ्यासमोरच नवऱ्याला आत बोलावलं आणि परत कुणी बाहेरच आलं नाही. मी रिकाम्या सोफ्यावर दहा मिनिटं बसून उठले.

एजंट माझ्यावर वैतागला. "मॅडम, तुम्हाला कोणी विचारलं का? कशाला सांगत बसता? सिंगल लेडीज, टीचर, एवढं बोललात ना, तर मालक डोळे झाकून देतात!" तिसऱ्या वेळी मी गप्प बसले. कल्याण पश्चिमेला एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर जागा मिळाली. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, तो फॉर्म एजंटनेच भरला. राहणाऱ्या व्यक्तींची संख्या, एक. मी खाली सही केली. खाडाखोड न करता, स्वच्छ. मुलींना मी हेच तर शिकवत आले होते.

सामानाच्या टेम्पोबरोबर दादा वर चढला, आणि मग जवळजवळ दीड वर्ष तो त्या घरातून फारसा खाली उतरला नाही. डॉक्टरकडे जायचं तेव्हा आम्ही दुपारी निघायचो, वॉचमनची पाळी बदलते तेव्हा. येताना गेटवर तो 'पाहुणा' म्हणून चढवला जायचा. गॅलरीला मी जाड पडदे लावले. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचं, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. समोरच्या फ्लॅटला कुलूप, शेजारी दोघं नोकरीवाले. त्या टॉवरमध्ये दीडशे घरं होती आणि मला त्यातलं कुणी ओळखत नव्हतं, याचं मला तेव्हा बरं वाटत होतं. संध्याकाळी आम्ही दोघं पडदे ओढून, टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो. ठाकुर्लीला मी कधी आवाज बारीक केला नव्हता.

तो जाऊन आता पावणेदोन वर्षं होतील. झोपेतच गेला, आजाराने नाही, हृदयाने. पण मला जास्त आठवतं ते टॉवरमधलं ते दीड वर्ष. आम्ही दोघं एका घरात असूनही दोघंही आपापल्या जागी एकटे होतो, आणि ती व्यवस्था माझी होती.

दहावीच्या परीक्षेचे दिवस होते. डोंबिवलीच्या एका शाळेत मला सुपरव्हिजन लागलेलं. परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही. ते मुख्याध्यापिकेच्या कपाटात कुलपात. वरच्या मजल्यावर लाद्या फोडायचं काम निघणार, अशी सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी नोटीस आलेली, ती मी बघितली होती. बघून फोन बाजूला ठेवला. रजा मागता आली असती, पण कारण काय सांगणार? घरी कोण आहे?

पेपर सुटून, उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठे सील होईपर्यंत तीन वाजले. फोन हातात घेतला तर सोसायटीच्या सेक्रेटरींचे कॉलवर कॉल. मी उलट फोन लावला.

"मॅडम, घाबरू नका," ते म्हणाले, "तुमच्या घरात चोर शिरलेला. पण पकडला आपण. पोलीस घेऊन गेले. तुम्ही आधी घरी या, काय काय गेलंय ते बघून मग स्टेशनला जाऊ."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि शाळेबाहेर आले. कल्याणपर्यंत रिक्षा केली, आणि रस्ताभर मनात एकच घोळत होतं, की ओळखपत्र, डॉक्टरांची फाईल, सगळं घरात आहे. ते घेतल्याशिवाय पोलीस स्टेशनला जाऊन उपयोग नाही. निदान मी स्वतःला तसं पटवत होते. खरं तर मला वेळ हवा होता.

लॉबीत दहा-बारा जण जमलेले. दीड वर्षात ज्यांनी माझ्याकडे बघून मानही हलवली नव्हती, ते सगळे माझ्याभोवती. एकीने खुर्ची दिली, एकीने पाणी. काय झालं ते मला सगळ्यांनी एकदम सांगितलं. दुपारी वर ड्रिल चालू झालं, आणि तुमच्या घरातून पुरुषाच्या किंकाळ्या. भिंतीवर काहीतरी लोखंडी आपटत होता. मग गॅलरीतून पातेलं खाली आलं, एका गाडीच्या बॉनेटवर. आम्हाला माहीत ना, मॅडम तर एकट्या राहतात, आणि आता शाळेत आहेत. म्हणून पोलिसांना फोन केला.

"आणि दार त्यानेच उघडलं!" सेक्रेटरी म्हणाले. "पोलीस आहोत म्हटल्यावर लगेच. येडाच होता बहुतेक. हातात बत्ता! तो उगारला पोलिसांवर!"

दार त्याने का उघडलं ते मला कळलं. बेल वाजली की आत जायचं असतं, पण पोलिसांचा त्याला भरवसा होता.

एकाने व्हिडिओ काढलेला. "हे बघा," म्हणून फोन माझ्या तोंडासमोर धरला. दादा अनवाणी जिना उतरत होता. एका पोलिसाने कॉलर धरलेली, दुसऱ्याने दंड. ओठातून रक्त येऊन हनुवटीवर आलं होतं. मागून कोणीतरी "मार, मार साल्याला" म्हणत होतं. अंगातला निळा शर्ट मीच आदल्या दिवशी इस्त्री केलेला.

"बघितलाय का कुठे याला? ओळखीचा वाटतोय?" पाणी देणारीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

हा एक शब्द मी कितीदा तरी परत घेऊन बघितला आहे. तेव्हा तरी तो आपोआप आला, श्वास यावा तसा. दीड वर्षाची सवय. लगेच मला स्वतःची इतकी किळस आली की पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला, आणि सगळ्यांना वाटलं मी घाबरले आहे.

"एकट्या नका जाऊ वर," म्हणत सेक्रेटरी आणि दोन बायका माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. घरात सगळीकडे भिंतीचा चुना पडलेला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर निवडलेली गवार, अर्धी. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं भांडं. "काय गेलंय बघा," सेक्रेटरी म्हणाले. मग मी माझ्याच घरात नाटक केलं. कपाट उघडलं, दागिन्यांचा डबा उघडून बंद केला, साड्यांचा गठ्ठा चाचपला, आणि त्यांच्याकडे पाठ करून दादाची फाईल पर्समध्ये कोंबली. आधार कार्ड फाईलमध्येच होतं. त्याच्या चपला पलंगाखाली होत्या. त्या मी उचलू शकले नाही.

"काही गेलेलं नाही," मी म्हटलं.

पाणी देणारी बाई तेवढ्यात बाथरूममध्ये हात धुवून आली. तिथे आरशाखाली दाढीचा ब्रश, रेझर, आणि पेल्यात दोन टूथब्रश. ती माझ्याकडे बघत राहिली. सेक्रेटरी माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला यायला निघाले तेव्हा म्हणाली, "राहू द्या हो, त्यांना जाऊ द्या एकट्यांना. बोलायचं असेल काही त्यांना." त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं.

पोलीस स्टेशनात दादा भिंतीकडच्या बाकावर बसलेला होता. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर, शाळेत बसवतात तसा. ओठ सुजलेला. त्याने मला दारातून येताना बघितलं. नक्की बघितलं. आणि मान वळवून समोरच्या भिंतीवरचा कसला तरी तक्ता वाचायला लागला.

"हा माझा भाऊ आहे," मी टेबलामागच्या साहेबांना म्हटलं. "सख्खा मोठा भाऊ. आजारी आहे. चोर नाही." आणि मग माझा आवाज चढला. पाच-सात मिनिटं मी जे काही बोलले, ते सगळं आता आठवत नाही. माणूस आजारी आहे हे दिसत नाही का, कान झाकायला हात वर केला तर मारायला उचलला असं वाटतं का, साठीच्या माणसाचा ओठ फोडताना लाज नाही वाटली का, शाळेत कधी गेला होतात का. साहेब वयाने माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढे. त्यांनी मला बोलू दिलं. बाजूला एक वयस्क हवालदार उभे होते, बोलण्यावरून साताऱ्याकडचे. तेच दंड धरून उतरवणारे, व्हिडिओतले.

"बाई," हवालदार म्हणाले, "एक तास झाला, मी इचारतोय यांना. नाव काय, कुठं राहता, घरी कोण हाय. एकच बोलत्यात. 'मी इथे राहत नाही.' दुसरं काय नाय. पाणी प्या म्हणलं तरी तेच."

ते वाक्य माझं होतं. टॉवरमध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला पाठ करून घेतलं होतं. चुकून कुणी दार ढकलून आत आलंच, लिफ्टमध्ये कुणी विचारलंच, तर एवढंच सांगायचं. मला ओळखतोस का विचारलं, तर नाही म्हणायचं. त्याने तेव्हा मला विचारलंही होतं की असं का, आणि मी चिडून म्हटलेलं, "नाहीतर आपल्याला घर सोडावं लागेल. कळतंय का?" त्याला कळलं होतं. दोन थोबाडीत बसल्यावरही कळलेलंच राहिलं.

साहेबांनी दादाला हाक मारली. "काका, या बाईंना ओळखता?"

दादाने माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. "नाही," म्हणाला. "त्यांना जाऊ द्या. मी इथे राहत नाही."

साहेबांनी एका महिला कॉन्स्टेबलला काहीतरी सांगितलं. ती कॉम्प्युटरवरून छापून एक कागद घेऊन आली. साहेबांनी तो माझ्यासमोर सरकवला. माझा फॉर्म. माझा फोटो, माझी सही, आणि त्या रकान्यातला एक.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "आम्हाला कॉल काय येतो? एकट्या बाईच्या घरात माणूस शिरलाय, हातात लोखंडी वस्तू आहे. आमच्याच कागदावर लिहिलंय, बाई एकट्या राहतात. आता मला सांगा, दार उघडल्यावर माझ्या माणसाने काय समजायचं? मारायला नको होतं, ते मी मान्य करतो. पेशंट आहे म्हणून एकाने जरी सांगितलं असतं ना, तर आम्ही तसे गेलो असतो. तसं शिकवतात आम्हाला. पण सांगणार कोण? तुमच्या बिल्डिंगमध्ये एका माणसाला माहीत नाही!"

हवालदार खाली बघत होते. "त्यांनी हात वर केला, मॅडम," म्हणाले. "मला वाटलं, घालतोय आता डोक्यात. मलाबी घरी पोरं हायत." मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "चुकलं."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. त्यांनी मारलं होतं, आणि त्याला माफी नाही, असं मला आजही वाटतं. पण ज्या माणसाला मीच दीड वर्ष घरात नाहीसा करून ठेवला, तो पोलिसांना दिसला नाही म्हणून बोंब मारायचा अधिकार मला उरला नव्हता. मी फाईल पुढे केली. कागद, आधार कार्ड, दोघांचं आडनाव एक, वडिलांचं नाव एक. साहेबांनी नीट वाचलं, डॉक्टरांना फोन लावून खात्री केली. डॉक्टर म्हणाले, रात्रीच्या आत घेऊन या, मी थांबतो.

"माझी खात्री पटली," साहेब म्हणाले. "डायरीत चोर म्हणून चढवत नाही. लॉकअपमध्ये तर यांना ठेवताच येत नाही, कायदाच आहे तसा. पण मॅडम, हे तोंडाने म्हणतायत ओळखत नाही. तुमच्या ताब्यात कसे देऊ? उद्या काही झालं, तर मी काय उत्तर देणार? ते तुमच्याबरोबर यायला हो म्हणाले तर ठीक. नाहीतर मला अनोळखी रुग्ण म्हणून सरकारी इस्पितळात न्यावं लागेल. ठाण्याला."

ठाण्याला. इस्पितळाला मी नावं ठेवत नाही, तिथे माणसं बरी होतात. पण 'अनोळखी' हा शब्द मला सोसवेना. घर असलेला, बहीण असलेला माणूस अनोळखी म्हणून चढणार, आणि तो स्वतः तसंच सांगणार. कारण त्याने माझं ऐकलं.

मी जाऊन त्याच्या बाकावर बसले. तो थोडा सरकला, परक्या बाईला जागा द्यावी तसा. त्याच्या पायांना जिन्यातली धूळ लागली होती.

"दादा," मी हळू म्हटलं, "घरी चल."

तो भिंतीकडेच बघत राहिला. मग ओठ न हलवता, जेमतेम मला ऐकू येईल असं म्हणाला, "अगं, जा तू. लोक बघतायत. मी काही सांगितलेलं नाही."

मला रडू फुटलं. ठाकुर्लीत आई गेली तेव्हाही मी चार लोकांत रडले नव्हते. महिला कॉन्स्टेबल पुढे आली, साहेबांनी तिला हाताने थांबवलं. मी उठून उभी राहिले, कारण बसून ते बोलता येईना, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दादा, मी खोटं बोलले. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. यांना सगळं कळलंय. तू माझ्याकडे राहतोस. तू माझा भाऊ आहेस, हे मी यांना सांगितलंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. पेपरात चुकलेलं गणित परत तपासावं, तसं बराच वेळ.

"आता सांगितलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल."

"मालकांना कळलं तर?"

"कळू दे."

"मग आपल्याला घर सोडावं लागेल."

"सोडू," मी म्हटलं. सोडावं लागलंच, महिन्याभरात. पण तेव्हा मला त्याची फिकीर नव्हती.

दादा उठला. शर्ट नीट केला, वरचं बटण लावलं. हवालदारांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लिहून घ्या." मग त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मतारीख. टॉवरचं नाव, विंग, सातवा मजला, फ्लॅट नंबर, रस्त्याची खूण, कल्याण पश्चिम, पिनकोड. न अडखळता. मीसुद्धा त्याला कधी न शिकवलेला पत्ता. दीड वर्ष पडद्यामागे बसून त्याने तो कुठून गोळा केला, कुरिअरच्या पाकिटांवरून की विजेच्या बिलावरून, कोण जाणे. कुणीतरी कधीतरी विचारेल आणि सांगायची परवानगी मिळेल, म्हणून त्याने तो तयार ठेवला होता.

हवालदार एकेक शब्द लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "आन् ह्या कोण?"

"ही माझी धाकटी बहीण," दादा म्हणाला. मग त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघून, चूक दुरुस्त करावी तसं, "तुमच्याकडे चुकीचं लिहिलंय. ही एकटी राहत नाही. मी असतो ना."

हवालदारांनी तेही लिहून घेतलं.